मुलांसह समुद्रकाठी मुक्काम: तंबू पाण्यापासून लांबच हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून समुद्रकाठच्या कॅम्पिंगवर लेख येऊ लागतात. लेख वाचनीय असतात, पण सोबतचे छायाचित्र जवळपास दर वेळी तेच: ओल्या वाळूपासून दहा पावलांवर तंबू, दार समुद्राकडे, पुढ्यात शेकोटी आणि तिच्याभोवती अनवाणी मुले. या एका चित्रात चार चुका आहेत, आणि सामानाची कितीही लांब यादी छापली तरी त्या भरून निघत नाहीत. लहान मुलांना घेऊन किनाऱ्यावर राहायचे तर तंबू कुठे ठोकायचा आणि दिवस कोणत्या घड्याळावर चालवायचा, हे आधी ठरवावे लागते. कुटुंबांसाठी असे मुक्काम लावून देण्याचे काम आम्ही करतो, त्यामुळे पत्र थोडे लांबले आहे. सांभाळून घ्यावे. आणि पुरवणीत जागा असेल तर सामानाच्या यादीऐवजी त्या आठवड्याच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापाव्यात, ही विनंती.

घड्याळ म्हणजे भरतीचे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या येतात (काही ठिकाणी एकच, म्हणून तिथला तक्ता पाहावाच लागतो). दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. शनिवारी सकाळी दहाला भरती असेल तर सोमवारी ती पावणेबाराच्या आसपास येते. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. चढाचे सहा तास धरले तर ढोबळ हिशेब असा: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात एक. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांत येते. भरती आणि ओहोटी यांत चार मीटरचा फरक असेल आणि किनारा सपाट, म्हणजे पन्नास मीटरला एक मीटर चढणारा असेल, तर पहिल्या तासात पाण्याची कड जेमतेम सोळा-सतरा मीटर आत येते आणि तिसऱ्या तासात पन्नास मीटर. पहिल्या तासाचा वेग बघून मोठी माणसे ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असे ठरवतात आणि मुलांना घेऊन खडकांच्या पलीकडे शिंपले वेचायला जातात. अडकतात ती तिथेच. वाळूच्या उंचवट्यामागचा खोलगट भाग आधी भरतो. समोर वाळू कोरडी दिसत असते आणि परतीच्या वाटेवर मुलाच्या कमरेएवढे पाणी झालेले असते. म्हणून खडकांकडे जायचे तर ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे आणि पाणी फिरले की परतावे.

तंबूची जागा ठरवताना किनाऱ्यावरच्या रेघा वाचाव्यात. वाळलेले शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा, प्लास्टिकचे तुकडे यांची एक रेघ प्रत्येक भरती सोडून जाते. खालची ओलसर रेघ कालच्या किंवा आजच्या भरतीची. तिच्या वर, कधी कधी बरीच वर, एक फिकी, वाळलेली, अर्धवट वाळूत गाडली गेलेली रेघ दिसते. ती मागच्या उधाणाची किंवा वादळाची. तंबू या सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर हवा. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत येते, तेव्हा अष्टमीला बेतशीर वाटलेली जागा पौर्णिमेला पाण्याखाली जाऊ शकते. शिवाय तक्त्यात दिलेली उंची शांत पाण्याची असते. किनाऱ्याकडे वाहणारा जोराचा वारा आणि लाटांची धाव त्याच्या वर धरायची. वर सरकायचे म्हणून वेली-गवत उगवलेल्या वाळूच्या टेकड्यांवर मात्र तंबू नको. ती मुळे वाळू धरून ठेवतात, आणि चार-पाच जणांची ये-जा ती उखडायला पुरेशी असते. वाळलेला ओहोळ, माडाच्या झाडाखालची सावली, वठलेल्या फांद्यांखालची जागा हेही टाळावे.

आखलेल्या तळावर समुद्राला लागून असलेली पहिली रांग सगळ्यांना हवी असते. मुले असतील तर दुसरी किंवा तिसरी रांग मागून घ्यावी. तिथे वारा कमी लागतो, वाळू कमी उडते, आणि मुख्य म्हणजे पहाटे साडेपाचला जागे झालेले तीन वर्षांचे मूल बाहेर पडले तरी सरळ पाण्यावर जात नाही. या वयाची मुले तंबूची चेन आतून सहज उघडतात. दोन्ही चेनपट्ट्या ओढून दाराच्या वरच्या कोपऱ्यात आणाव्यात आणि सुतळीच्या सुटणाऱ्या गाठीने बांधाव्यात, म्हणजे मुलाचा हात पोचत नाही आणि मोठ्या माणसाला एका झटक्यात सोडता येते. कुलूप किंवा पक्की गाठ नको, आग लागली तर तेच जिवावर बेतते. स्वच्छतागृह पन्नास-साठ मीटरवर असलेले बरे. अगदी शेजारी घेतले तर रात्रभर दिवा, दारांचे आवाज आणि डास. रात्रीसाठी झाकणाची बादली तंबूच्या पडवीत ठेवली की अंधारात तणाव्यांना (तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्यांना) अडखळत जावे लागत नाही.

वाऱ्याचे गणित सोपे आहे, पण ते दिवसातून दोनदा उलटते. ऊन चढले की सकाळी उशिरा समुद्राकडून वारा सुटतो, दुपारी तो सर्वांत जोरात असतो, सूर्यास्ताच्या सुमारास पडतो, आणि उत्तररात्री जमिनीकडून समुद्राकडे हलका वारा वाहू लागतो. तंबूची बुटकी, अरुंद बाजू समुद्राकडे ठेवावी आणि दार वाऱ्याला आडवे. दार समुद्राकडे ठेवले तर दुपारी प्रत्येक वेळी चेन उघडताच तंबू वाऱ्याने फुगतो, आणि आत मूठभर वाळू येते ती वेगळीच. समुद्रावर सगळीकडे पांढरे फेसाळ तुरे दिसू लागले आणि कोरडी वाळू घोट्याच्या उंचीवर पळू लागली, की मोठी सावलीची ताडपत्री उतरवायची वेळ झाली असे समजावे. तंबूच्या आधी तीच उडते.

आता मेखांविषयी, कारण वाळूतला तंबू बहुतेक वेळा इथेच फसतो. तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक गोल मेखा मातीसाठी असतात. कोरड्या वाळूच्या कणांना एकमेकांची पकड नसते, त्यामुळे बारीक मेख तीस सेंटिमीटर आत गेली तरी लोण्यातल्या सुरीसारखी बाहेर येते. वाळूला रुंद पन्हाळीच्या आकाराच्या, तीस-चाळीस सेंटिमीटर लांब मेखा लागतात. त्या नसतील तर पुरलेला नांगर करावा, आणि खरे सांगायचे तर तो कोणत्याही मेखेपेक्षा जास्त धरतो. जाड कापडी पिशवी घ्यावी, प्लास्टिकची नको, ती ताणाने फाटते. त्यात चार-पाच लिटर वाळू भरावी. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलोच्या थोडी वर भरते, म्हणजे सहा-आठ किलो वजन होते. तोंड बांधून तणाव्याचे टोक पिशवीच्या पोटाला दोन वेढे देऊन बांधावे. तंबूपासून दीड-दोन मीटरवर चाळीस सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, आणि खड्ड्यापासून तंबूच्या दिशेने दोरीसाठी तिरका चर पाडावा. हा चर बहुतेक जण विसरतात. तो नसेल तर ताण पडताच दोरी वाळू कापत वर येते आणि पिशवीही वर उचलली जाते. पिशवी ठेवून वाळू लोटावी, वर बादलीभर समुद्राचे पाणी ओतावे आणि पायाने दाबावे. तणावा जमिनीशी साधारण ४५ अंशांत असावा. चार कोपरे आणि वाऱ्याकडचे दोन तणावे इतक्यांना हे केले तर पुरते. वाळू सुकत जाते तशी पकड ढिली होते, म्हणून संध्याकाळी वारा पडल्यावर एकदा सगळे ताणून पाहावेत. प्रत्येक तणाव्याला मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर पांढऱ्या कापडाची चिंधी बांधावी. तोंडावर आपटण्याचे निम्मे प्रकार दोरी न दिसल्यामुळे होतात.

तंबूखालचे अंथरलेले प्लास्टिक तंबूच्या बुडापेक्षा चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर आत हवे. बाहेर राहिले तर पावसाचे पाणी त्यावर साचून बुडाखाली जाते. सकाळी छत आतून ओले दिसले म्हणजे तंबू गळतो असे नाही. झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते. गार वाटते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या की हे हमखास होते. वरची एक आणि खालची एक झडप रात्रभर उघडी ठेवावी, आणि मुलांना एक थर जास्त घालावा.

दिवसा मात्र तंबू ही झोपायची जागा नाही. उन्हातला बंद तंबू काही मिनिटांतच भट्टीसारखा तापतो. दुपारची झोप चारी बाजूंनी मोकळ्या ताडपत्रीखाली घ्यावी. वाऱ्याकडची कड खाली, दुसरी वर. सावली सूर्याबरोबर सरकते, म्हणून मूल झोपवताना आताची सावली न बघता दीड तासाने ती कुठे असेल ते बघावे. बाबागाडीवर पातळ दुपटे टाकून सावली करण्याची सवय वाईट: हवा अडते आणि आत उष्णता कोंडते. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावण्याऐवजी सावलीत आणि लांब बाह्यांच्या सुती कपड्यांत ठेवावे. मोठ्या मुलांना ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचे सनस्क्रीन पाण्यात जायच्या पंधरा ते तीस मिनिटे आधी, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर प्रत्येक वेळी लावावे. कानांची टोके, पायांची वरची बाजू आणि गुडघ्यांमागचा भाग नेहमी राहून जातो. वाळू आणि फेस ऊन परत फेकतात, त्यामुळे छत्रीखालीही चेहरा भाजू शकतो. अतिनील निर्देशांक ३ किंवा अधिक असेल तर काळजी घ्यायची, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष आहे. निर्देशांक माहीत नसेल तर आपली सावली बघावी. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे.

वर्षाच्या आतल्या बाळाला हवेच्या गादीवर झोपवू नये. ती मऊ असते, खचते, आणि गादी व तंबूची भिंत यांतल्या फटीत बाळाचे तोंड दबू शकते. घडीचा पाळणा किंवा जमिनीवर पातळ, कडक फोमचा तुकडा, त्यावर ताणून बसवलेली चादर, बाळ उताणे, आणि सैल पांघरुणाऐवजी अंगात घालायची झोपपिशवी. उशी नको.

तंबूत किंवा त्याच्या पडवीत स्टोव्ह, शेगडी, कोळशाचे भांडे काहीही नको. विझत आलेले कोळसेसुद्धा नकोत. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. पावसात ‘जरा आत ओढून घेऊ’ म्हणून शेगडी आत घेतली जाते, किंवा उबेसाठी रात्री आत ठेवली जाते. स्वयंपाक तंबूपासून तीन मीटरवर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावा. शेगडीभोवती मीटरभराचे वर्तुळ वाळूत आखून ‘आत यायचे नाही’ असे सांगितले की चार वर्षांच्या मुलालाही कळते. दोन वर्षांच्याला कळत नाही, त्याला धरूनच ठेवावे लागते. वारा लागतो म्हणून गॅसच्या डब्यासकट शेगडीला पत्र्याने पूर्ण वेढू नये. डबा तापतो आणि फुटू शकतो.

शेकोटीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: लहान मुले असतील तर किनाऱ्यावर शेकोटी करूच नये. कारण ज्वाळांचे नाही. ज्वाळा मुलांना दिसतात, त्यांपासून ती लांब राहतात. रात्री शेकोटीवर वाळू लोटून लोक झोपायला जातात, आणि वाळू निखाऱ्यांना विझवण्याऐवजी त्यांची उष्णता धरून ठेवते. सकाळी वरून सपाट, थंड दिसणारी ती जागा आत चटका देण्याइतकी गरम असते, आणि पहिला पाय पडतो तो अनवाणी धावणाऱ्या मुलाचा. बरे, शेजारच्याने काल कुठे शेकोटी केली होती हे तुम्हाला माहीत नसते. म्हणून सकाळी तंबूभोवतीची वाळू आधी मोठ्यांनी चप्पल घालून तपासावी, मुलांना चप्पल घातल्याशिवाय सोडू नये. दुपारची कोरडी वाळूही पाय पोळण्याइतकी तापते. शेकोटी केलीच तर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि पालथा हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते बघूनच उठावे. पाय भाजला तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप काही लावू नये. वीस मिनिटे हा मोठा वेळ आहे, तेव्हा नळ कुठे आहे हे पोचल्या पोचल्या बघून ठेवावे.

पाण्यात मूल असताना एका मोठ्या माणसाकडे पहारा असावा, आणि तो कोणाकडे आहे हे मोठ्याने बोलून ठरलेले असावे. चार मोठी माणसे किनाऱ्यावर बसलेली असतात तेव्हाच मूल नजरेआड होते, कारण प्रत्येकाला वाटते दुसरा बघतोय. पहारा पंधरा-वीस मिनिटांचा. त्यात फोन नाही, डबा उघडणे नाही, वाचन नाही. पाळी संपली की ‘आता तू’ असे नाव घेऊन सांगायचे आणि ‘हो’ ऐकल्याशिवाय उठायचे नाही. पाच वर्षांखालचे मूल हाताच्या अंतरावर हवे. बुडणारे मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला येऊन ते गप्प होते, आणि वीत-दीड वीत पाणीही पुरते. मुलांचे पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्यावेत. निळा, पांढरा, राखाडी रंग पाण्यात आणि फेसात दिसत नाही. रक्षक असलेल्या किनाऱ्यावर वर लाल आणि खाली पिवळा अशा झेंड्यांच्या मधली जागाच पोहण्यासाठी असते. लाल झेंडा म्हणजे धोका, दोन लाल झेंडे म्हणजे पाणी बंद.

फुगवायच्या खेळण्यांना समुद्रावर आणूच नये. सकाळी पाणी आरशासारखे असते आणि सगळ्यांना तीच वेळ सुरक्षित वाटते. नेमका तेव्हाच वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. फुगवलेला मासा मुलासकट चालत्या माणसाच्या वेगाने आत जातो, आणि मागे पोहणाऱ्या बापाला तो गाठता येत नाही. दंडात घालायच्या फुग्यांना जीवरक्षक साधन समजू नये. जॅकेट घ्यावे ते मुलाच्या वजनानुसार, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्यासह. खांद्याशी धरून वर उचलून पाहावे: हनुवटी जॅकेटात बुडत असेल तर ते मोठे होते. लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा शांत, गडद दिसतो, तिथे लाटा फुटत नाहीत. मुलांना नेमके तिथेच न्यावेसे वाटते. तो पट्टा म्हणजे किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जाण्याची वाट, आणि त्याची ओढ सेकंदाला दोन मीटरपर्यंतही जाऊ शकते. सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत येऊ नये, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे. खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी हाच प्रकार आणखी जोराने होतो.

वाळूतल्या खड्ड्यांविषयी कोणीच लिहीत नाही, म्हणून इथे थोडे जास्त. मुलांना खोल खड्डा आणि बोगदा खणायला फार आवडते, आणि मोठी माणसेही फावडे घेऊन मदतीला येतात. ओली वाळू उभी राहते, कारण कणांमधल्या पाण्याच्या पातळ थराने ते एकमेकांना चिकटलेले असतात. उन्हाने आणि वाऱ्याने भिंत सुकत जाते, चिकटपणा जातो, आणि भिंत काहीही इशारा न देता एकदम ढासळते. कडेवर कोणी उभे असेल तर आणखी लवकर. एक घनमीटर वाळू दीड टनाहून जड असते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या मुलाला श्वास घेण्यासाठी छाती फुलवता येत नाही, आणि बाजूची वाळू काढू तेवढी पुन्हा आत घसरते. नियम एकच ठेवावा: सोबतच्या सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्याहून खोल खड्डा नाही, आणि बोगदा मुळीच नाही. निघताना खड्डा बुजवून जावे, रात्री त्यात दुसऱ्याचा पाय मुरगळतो. दुर्घटना घडलीच तर कडेवर गर्दी न करता दोन्ही हातांनी आधी तोंड आणि छाती मोकळी करावी. फावडे चालवू नये.

मूल दिसेनासे झाले तर एका माणसाने लगेच पाण्याकडे बघायला जावे, तंबू आणि स्वच्छतागृह नंतर. मुलांना रांगेतले सगळे तंबू सारखेच दिसतात. उंच काठीला ओळखीचे कापड बांधावे आणि मनगटाच्या पट्टीवर फोन नंबर लिहावा.

वाळू तंबूत येणार, हे मान्य करावे. ती किती यावी एवढेच आपल्या हातात आहे. दाराशी पसरट घमेल्यात तीन-चार लिटर पाणी, त्यापुढे पाय पुसायची सतरंजी. ओल्या अंगाला चिकटलेली वाळू पुसली तर कातडी सोलते. त्यावर थोडे मक्याचे पीठ हाताने हळू लावले की ओल शोषली जाते आणि वाळू आपोआप गळते. पोहण्याचे डायपर लघवी धरत नाहीत, फक्त शी अडवतात. पाण्यातून आल्यावर ते तसेच ठेवले तर मीठ, वाळू आणि लघवी मिळून दोन तासांत लाल चट्टे उठतात. गोड्या पाण्याने धुवावे, पूर्ण कोरडे करावे, झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. वापरलेले डायपर वाळूत पुरू नयेत, बांधून परत न्यावेत.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरावे. अंगावरचे मीठ धुवायला वेगळे. किनाऱ्यालगतचे विहिरीचे पाणी मचूळ असेल तर उकळून जंतू मरतात, मीठ जात नाही, आणि बाळाच्या दुधासाठी ते चालत नाही. भुकटीचे दूध किमान ७० अंश सेल्सिअस गरम पाण्यात कालवायचे, म्हणजे उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत, मग गार करून द्यायचे. दोन तासांनंतर उरलेले टाकून द्यायचे. शिजवलेल्या अन्नालाही बाहेर दोन तासांचीच मुदत, आणि कडक उन्हाळ्यात एकच तास. बर्फाची पेटी दोन हव्यात: एक अन्नाची, एक पाण्याच्या बाटल्यांची, कारण मुले दुसरी दर दहा मिनिटांनी उघडतात. जुलाब लागले तर आणि क्षारसंजीवनीची पाकिटे नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नये.

जेलीफिश लागली तर चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले धागे चिमट्याने काढावेत आणि सोसेल इतक्या गरम, ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात वीस मिनिटे भाग बुडवावा. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हातावर बघावे. व्हिनेगर काही जातींवर उपयोगी आहे, काहींवर उलट त्रास वाढवते, तेव्हा तिथल्या रक्षकाला विचारावे. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना. डास वारा पडला की, म्हणजे सूर्यास्तालाच येतात. त्या तासाभरात मुले पूर्ण बाह्यांत असावीत. दोन महिन्यांखालच्या बाळाला डासांचे औषध न लावता जाळी वापरावी.

मेघगर्जना ऐकू आली की किनारा सोडावा. तंबूने विजेपासून काहीही संरक्षण मिळत नाही. पक्की इमारत किंवा टपाची मोटार गाठावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे तिथेच थांबावे.

घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालू नये. मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे खारा तंबू कपाटातही दमट राहतो आणि बुरशी धरतो. चेन जुन्या टूथब्रशने घासावी आणि दातांवर मेणबत्ती फिरवावी. वाळूचा कण अडकला असताना ओढत राहिले की चेनपट्टी आतून फाकते, मग चेन बंद होते आणि मागून उघडी पडते. पक्कडीने दोन्ही बाजूंनी अगदी हलके दाबले तर बहुतेक वेळा ती पुन्हा धरते.

तळ चालवणाऱ्यांकडे शेवटी एक मागणी. दारातल्या फलकावर भाडे आणि नियमांच्या वर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा, वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणाची रेघ कोणत्या खांबापर्यंत येते ते, जवळच्या दवाखान्याचा रस्ता आणि रक्षकांच्या कामाच्या वेळा लिहाव्यात. सूर्य मावळल्यानंतर रक्षक नसतो हे वेगळे, ठळक लिहावे. आणि हे सगळे रोज सकाळी पुसून नव्याने लिहिण्याचे काम एका माणसाला नेमून द्यावे, रंगवून ठेवलेला फलक दुसऱ्याच दिवशी चुकतो.

आपले,
समुद्रकाठच्या मुक्कामांची व्यवस्था पाहणारे काही वाचक